रात्री-अपरात्रीची गाडी

मोटारीच्या कर्जाच्या अर्जात 'प्रयोजन' नावाचा एक रकाना असे. त्यात 'वैयक्तिक वापर' एवढे दोन शब्द लिहिले की बँकेचं समाधान होई. माझं होत नसे. डोंबिवलीत आणि पुढे ठाण्यात कर्जविभागात बसत असताना मी अर्जदाराला हटकून विचारायचो, ''अहो, पण गाडी चालवणार कधी?'' कारण समोरचा गृहस्थ सकाळची ठरलेली फास्ट पकडून फोर्टात जाणारा आणि रात्री आठला त्याच गर्दीतून घरी येणारा. भाजी हाकेच्या अंतरावर, गणेश मंदिर चालत दहा मिनिटांवर, मुलांची शाळा गल्लीच्या तोंडाशी. उत्तर बहुतेक वेळा एकच असे. ''रोज नाही लागणार साहेब. पण घरात म्हातारी माणसं आहेत. रात्री-अपरात्री कुणाला काही झालं तर दारात गाडी असलेली बरी.''

या एका वाक्यावर मी किती कर्जं मंजूर केली त्याचा हिशेब ठेवलेला नाही. वाक्य खोटं नव्हतं. निवृत्त झाल्यावर आमच्याही दारात गाडी आली ती याच वाक्याचं बोट धरून. २०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली आणि सर्वसामान्य प्रवाशाला, तेही दोन डोस घेतलेल्याला, ती पुन्हा मिळाली १५ ऑगस्ट २०२१ रोजी. त्या दीड वर्षात लोकलवाचून डोंबिवलीकर म्हणजे काय, हे आम्हाला कळलं. अमेरिकेत बॉस्टनला असलेल्या आमच्या चिरंजीवांनी फोनवर निर्वाणीचं सांगितलं, ''बाबा, आता नाही म्हणू नका.'' त्या दिवाळीत एमएच-०५ नंबरची नवी गाडी आमच्या बिल्डिंगखाली उभी राहिली. गियर बदलायला नको, किल्ली फिरवायला नको. आणि सर्वांत मोठं कौतुक म्हणजे रिमोट. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभं राहून बटण दाबलं की खाली गाडी आपोआप सुरू होणार, एसी चालू होणार, आणि आपण खाली पोचेपर्यंत आतली हवा महाबळेश्वरची. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी मी हे दाखवत असे. सौ. म्हणायची, ''अहो, खेळणं आहे का ते?'' होतंच.

२०२४ च्या जुलैतली गोष्ट. बाहेर मुसळधार पाऊस. रात्री सव्वादोनला दाराची बेल वाजली. समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी. ''भाऊजी, जरा येता का? यांना कसंतरीच होतंय.'' आप्पा पलंगावर बसलेले, घामानं डबडबलेले, डावा हात उजव्या हातानं धरलेला. मध्य रेल्वेतून निवृत्त झालेला हा माणूस अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही जिना चढून येणारा. त्या रात्री बोलतासुद्धा येत नव्हतं. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, ''वहिनी, काळजी करू नका, गाडी आहे.'' गॅलरीत जाऊन बटण दाबलं. खाली दिवे एकदा मिचमिचले. पुढे काही नाही. पुन्हा दाबलं. मिचमिचले, तेही आधीपेक्षा क्षीण. आप्पांना खुर्चीत बसवून लिफ्टनं खाली आणलं, मी आत बसून ब्रेकवर पाय दाबला आणि स्टार्टचं बटण दाबलं. डॅशबोर्डावर दिवाळी झाली आणि बॉनेटखालून आवाज आला : टक-टक-टक-टक. मग दिवाळीही विझली.

बिल्डिंगमधली दोन तरुण मुलं धावत आली. ''काका, धक्का मारू या.'' ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानं सुरू होत नाही, हे आम्हा तिघांनाही घामाघूम झाल्यावर कळलं. शेवटी वॉचमननं मागच्या चाळीत राहणाऱ्या रिक्षावाल्याला उठवलं. तो बिचारा बनियनवर शर्ट चढवत आला आणि आप्पा रिक्षातून इस्पितळात पोचले. मधे वीस-पंचवीस मिनिटं गेली. १०८ नंबरची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तो नंबर आमच्या लिफ्टमध्ये चिकटवलेला आहे. पण त्या क्षणी तो आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही, कारण दारात गाडी होती. हे वाक्य लिहिताना आजही हात थबकतो.

आप्पा वाचले. दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी झाली. चौथ्या दिवशी भेटायला गेलो तेव्हा मान खाली घालून बसलो होतो. तेच म्हणाले, ''तुमच्या गाडीपेक्षा माझं मशीन बरं निघालं हो. धक्का दिल्यावर सुरू तरी झालं.''

धक्क्यावरून आठवलं. १९८५ च्या सुमारास मी कल्याणला असताना आमच्या शाखाधिकाऱ्यांची फियाट होती. पावसाळ्यात ती रोज संध्याकाळी रुसायची. मग हेडकॅशियरपासून शिपायापर्यंत सगळे रांगेनं मागे लागायचे आणि साहेब दुसऱ्या गियरमध्ये क्लच सोडायचे. भडभड असा आवाज आला की आमचा ओव्हरटाइम संपला. त्याही आधी मोटारीला पुढून लोखंडी हँडल घालून फिरवावं लागे. इंजिन उलटा झटका देई आणि माणसाचं मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनियरनं विजेवर चालणारा स्टार्टर बनवला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो आला, तेव्हापासून मनगटं वाचली. आपण ज्याला 'सेल्फ' म्हणतो तो हाच. पण त्या दिवसापासून मोटारीचा जीव बॅटरीत गेला. फियाटची बॅटरी मेली तर चार माणसं पुरत होती. आजच्या बटणवाल्या गाडीला चारशे माणसं लागली तरी उपयोग नाही.

आप्पा घरी आल्यावर मी बॅटरीवाल्याकडे गेलो. कल्याण-शीळ रस्त्यावर मानपाड्याजवळ त्याचं दुकान आहे. मुलगा तिशीतला, आयटीआय झालेला. त्याचे वडील याच रस्त्यावरच्या प्रीमियरच्या कारखान्यात होते. नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो ३०९ तयार व्हायची, हे नव्या डोंबिवलीकरांना सांगितलं तर पटत नाही. मी त्याला म्हटलं, ''रिमोट बिघडलाय. किल्लीतला सेल बदलून दे.'' त्यानं माझ्याकडे बघितलं. कर्जाचा हप्ता थकवून चेकबुक मागायला आलेल्या खातेदाराकडे मी बघायचो तसंच.

''काका, बटण दाबल्यावर दिवे लागले होते?''

''मिचमिचले.''

''मग किल्लीचा सेल चांगला आहे. गाडीनं तुमचं ऐकलं, पण तिला जमलं नाही.''

हा फरक मला त्या दिवशी कळला आणि तो प्रत्येक रिमोटवाल्यानं लक्षात ठेवण्यासारखा आहे. गाडीत दोन बॅटऱ्या. एक किल्लीतली, रुपयाच्या नाण्याएवढी, तीन व्होल्टची. बहुतेक किल्ल्यांत ती सीआर २०३२ या नंबरची असते आणि बदलायला पाच मिनिटं पुरतात. दुसरी बॉनेटखालची, बारा व्होल्टची. बटण दाबल्यावर गाडी ढिम्म राहिली, दिवाही लागला नाही, तर संशय आधी किल्लीच्या सेलवर घ्यावा. तो मेला तरी घाबरायचं कारण नाही. किल्लीच्या पोटात दाराची साधी किल्ली लपवलेली असते, आणि बहुतेक गाड्यांत रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून धरला की आतली चिप ओळख पटवते आणि इंजिन सुरू होतं. याउलट दिवे लागले आणि इंजिन मात्र फिरलं नाही, तर निरोप पोचला आहे, गाडी नकार देते आहे.

नकाराची कारणंही बहुधा शहाणपणाची असतात. एखादं दार किंवा डिकी नीट लागलेली नाही, बॉनेट अर्धवट मिटलंय, गियर 'पी'वर नाही, इशाऱ्याचे चारही दिवे चालू आहेत, किल्ली आतच राहिली आहे, इंजिनाचा पिवळा दिवा आधीपासून लागलेला आहे, यांतलं काहीही असलं तरी रिमोटनं गाडी सुरू होत नाही. माणूस आत नसताना इंजिन चालू करायचं म्हणजे गाडीला दहादा विचार करावाच लागतो. हे सगळं ठाकठीक असेल आणि तरी नकार आला, तर मोठी बॅटरी. आत बसून सेल्फ मारला की तीच आवाजानं सांगते. टक-टक-टक असा भराभर आवाज म्हणजे बॅटरीत दम नाही. एकच जड 'ठक्' आणि दिवे मात्र लख्ख, तर दोष बहुधा सेल्फचा. सेल्फ जोमानं फिरतो पण इंजिन पेटत नाही, तर मामला पेट्रोलचा नाहीतर प्लगचा. बॅटरीला उगाच शिव्या देऊ नयेत.

तो माझ्याबरोबर बिल्डिंगमध्ये आला. बॉनेट उघडलं तर टर्मिनलवर हिरवट-पांढरा फुलोरा. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं त्यानं तो धुतला, घट्ट केला, वर व्हॅसलिनचा हात फिरवला. मग मल्टिमीटर लावला. ११.८. मी म्हटलं, ''बारातले अकरा पॉइंट आठ? म्हणजे भरपूर आहे की!'' तो हसला. बारा व्होल्टची बॅटरी नावाची बारा. आत सहा घरं, प्रत्येक घराचे साधारण २.१ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, आणि बाराच्या खाली आली म्हणजे जवळपास रिकामी. किमान शिल्लक ठेवायची असते ती ही. ती मोडली की दंड लागतो, आणि बॅटरीच्या बाबतीत दंड माफ होत नाही. शिसं आणि गंधकाम्लाची ही बॅटरी गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं १८५९ मध्ये बनवली. तिचा मूळ स्वभाव अजून तोच आहे. रिकामी ठेवली की आतल्या पत्र्यांवर गंधकाचे क्षार घट्ट बसतात आणि पुन्हा कितीही भरली तरी तेवढी जागा कायमची गेली.

त्यानं दुसऱ्या गाडीवरून करंट देऊन आमची गाडी सुरू केली. ते करतानाचा क्रम त्यानं मला दोनदा म्हणायला लावला, एखाद्या मंत्रासारखा. लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या उण्याला, आणि तिचं शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीला नाही, तर त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या टोकाला ठिणगी उडते. काढताना उलट्या क्रमानं. इंजिन चालू असताना मीटरवर १४.१. म्हणजे अल्टरनेटर निर्दोष. मग पैसे जात होते कुठे?

''गाडी झोपल्यावर मोजायचं, काका.'' सगळं बंद करून, लॉक करून तो अर्धा तास बसला. नव्या गाडीतले कॉम्प्युटर लॉक केल्याबरोबर झोपत नाहीत. ते झोपल्यावर त्यानं वायरीच्या मधे मीटर धरला. ३१० मिलिअँपिअर. असावेत पन्नासच्या आत. घड्याळ, अलार्म, रिमोटचा निरोप ऐकायला जागा राहणारा रिसीव्हर, एवढ्यांचा तो शिधा. आमच्याकडे सहापट जेवणारा कुणीतरी होता. तो एकेक फ्यूज काढत गेला आणि एका फ्यूजला आकडा धाडकन तीसवर आला. पुढच्या काचेवरचा कॅमेरा! पार्किंगमध्ये कुणी ओरखडा काढला तर पुरावा असावा म्हणून मीच हौसेनं बसवून घेतलेला. चोवीस तास डोळे उघडे ठेवून तो आमच्या बिल्डिंगच्या मीटररूमचं चित्रीकरण करत होता.

हिशेब माझ्या हातचा होता. ३१० मिलिअँपिअर गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला सव्वासात अँपिअर-अवरच्या वर. बॅटरी पंचेचाळीसची. पाच-सहा दिवस गाडी हलली नाही की खातं साफ. आणि जमा? जमा म्हणजे माझं रोज सकाळी गॅलरीतून तीन मिनिटं गाडी सुरू करणं. माझी समजूत अशी की त्यानं बॅटरी चार्ज होते. बॅटरीवाल्यानं ती समजूत तिथेच काढली. सेल्फ मारायला फार वीज लागत नाही, पण उभ्या गाडीत, एसी आणि पंखा चालू ठेवून तीन मिनिटांत जेवढी भर पडते तेवढ्यानं रात्रीची गळतीसुद्धा भरत नाही. शिवाय दरवेळी झोपलेले कॉम्प्युटर जागे होतात आणि इंजिन बंद झाल्यावरही बराच वेळ जागे राहतात. म्हणजे रोज सकाळी मी जमापावती फाडत होतो आणि खात्यातून पैसे जात होते.

''अजून कुणी गाडी उठवतं का?'' त्यानं विचारलं. तेव्हा मला मोबाइलमधल्या ॲपची आठवण झाली. ते माझ्याकडे आहे तसं मुलाकडेही आहे. त्या रात्री त्याला फोनवर विचारलं तर आधी उडवाउडवी झाली. मग म्हणाला, दिवसातून सहा-सात वेळा उघडतो. गाडी कुठे आहे ते बघतो. गाडी मंगळवारी मंदिरापाशी दिसली की समजतो, बाबा ठीक आहेत. मी म्हटलं, ''अरे, मग फोन कर की.'' तो म्हणाला, ''तुम्ही 'सगळं ठीक' एवढंच सांगता.'' बॅटरीवाल्याच्या मते असं दरवेळी विचारणंही थोडी थोडी बॅटरी खातं. मुलाला हे कसं सांगावं ते मला दोन दिवस सुचेना.

या गोष्टीत आम्ही एकटे नाही. २०२० च्या टाळेबंदीची हकीकत त्यानं सांगितली. २५ मार्चला देश बंद झाला आणि बिल्डिंगखालच्या गाड्या जागच्या जागी राहिल्या. पन्नास मिलिअँपिअरची साधी गळती धरली तरी लहान गाडीची पस्तीस अँपिअर-अवरची बॅटरी महिन्याभरात तळाला जाते. जूनमध्ये लोक खाली उतरले, किल्ली फिरवली, आणि टक-टक. ''काका, एकेका सोसायटीत रांगेनं बॉनेटं उघडी असायची. लोक म्हणायचे, गाडी तर चालवलीच नाही, मग खराब कशी झाली?'' मला माझे जुने अर्जदार आठवले. लोकलनं जाणारे, गाडी जपून झाकून ठेवणारे, दसऱ्याला झेंडूचा हार घालणारे. कधीतरी लागेल म्हणून ठेवलेली गाडी त्या कधीतरीला सुरू होत नाही, कारण ती त्यासाठीच ठेवलेली असते. हे मला चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणा अर्जदाराला सांगता आलं नाही. ठाऊकच नव्हतं.

बॅटरी रात्रभर चार्जरला लावली. सकाळी १२.६ दाखवू लागली तेव्हा मला वाटलं, वाचली. पण लोड टेस्टर लावल्याबरोबर काटा कोसळला. वरून शिल्लक दिसते, चेक टाकला की वटत नाही, असली खाती मी पुष्कळ पाहिली आहेत. बदलावीच लागली. वॉरंटी कार्ड काढलं. त्यातली भाषा वाचून घरी आल्यासारखं वाटलं. ठरावीक महिने फुकट बदलून, त्यानंतर 'प्रमाणात', म्हणजे घसारा वजा जाता. कार्डावर दुकानाचा शिक्का आणि विक्रीची तारीख नसेल तर वाद घालायला जागा राहत नाही, तेव्हा नवीन बॅटरी घेताना ती दोन्ही बघून घ्यावीत. जुनी बॅटरी त्यानं परत घेतली आणि तिच्यातल्या शिशाची किंमत बिलातून वजा केली. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारवाल्याला देऊन ॲसिड गटारात ओतायला लावण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

रिमोटचं म्हणाल तर माझं त्याच्यावरचं प्रेम उतरलं. बॉस्टनला जानेवारीत काचेवर बर्फ साचतो तेव्हा घरातून गाडी तापवून ठेवण्यात अर्थ आहे. आमच्याकडे मे महिन्याची दुपार सोडली तर तो नुसता तोरा. बंदिस्त पार्किंगमध्ये तर तो धोका आहे, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रस्त्यावर उभ्या गाडीचा प्रश्न निराळाच. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२६ वाचा. चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसताना सार्वजनिक ठिकाणी गाडीचं इंजिन चालू ठेवता येत नाही. गॅलरीतून बटण दाबणारे किती लोक हे कलम मोडत असतील, कल्पना नाही.

कॅमेऱ्याची वायर आता अशी जोडली आहे की गाडी बंद झाली की तोही बंद होतो. खाली मीटररूममधून चार्जरला प्लग मिळावा म्हणून सोसायटीला अर्ज केला. त्यावर कमिटीची सव्वा तास सभा झाली. पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला पाऊण युनिट वीज लागते, हे मी कागदावर मांडून दाखवलं, तरी 'उद्या सगळेच मागतील' हा मुद्दा उरलाच. अर्ज विचाराधीन आहे. आणि लिफ्टमधला १०८ चा कागद काढून मी तिथे मोठ्या अक्षरांतला नवा लावला. त्याला कुणाची हरकत नव्हती.

मुलगा ॲप आता दिवसातून एकदा उघडतो म्हणतो. रविवारी रात्री फोन करतो. 'सगळं ठीक' म्हटलेलं चालत नाही, जेवणात काय होतं ते सांगावं लागतं.

दर रविवारी सकाळी साडेसहाला मी गाडी काढतो. शेजारी आप्पा. शीळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, ठाण्याला तलावपाळीला एक फेरी, आणि आलो त्याच वाटेनं परत. कल्याण-शीळ रस्त्याची खोदाई चुकवत जाताना पाऊण तास तरी मोडतो, आणि बॅटरीवाल्याच्या मते तेवढा पुरतो. मिसळीच्या दुकानावरून जाताना आप्पा काच खाली करून वास घेतात. डॉक्टरांनी एवढीच परवानगी दिली आहे. निघण्यापूर्वी बॉनेट उघडून मीटर लावायचा हा त्यांचा हट्ट. रात्रभर उभ्या गाडीचा आकडा खरा, चालवून आल्यावरचा फसवा, हे त्यांनी माझ्याआधी पाठ केलं. आकडा ते रेल्वेच्या एका जुन्या डायरीत उतरवतात. तारीख, वेळ, व्होल्ट, शेरा. मागच्या रविवारी १२.५ होते. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : 'राइट टाइम.'